काय काय बदलले?

मोठ्या माणसांच्या हातून चूक होत नाही, असा लहान मुलांचा समज असतो. आणि पुष्कळदा मोठी माणसेच हा समज जाणूनबुजून जोपासतात. माझ्या शिक्षकी पेशाच्या अखेरच्या वर्षी इयत्ता सातवीतील एका मुलीने विचारलेल्या साध्या प्रश्नामुळे मला तो समज बाजूला ठेवावा लागला. ती हकीकत आहे एका बिघडलेल्या संगणकाची. परंतु तिच्यातून मी जे शिकलो, ते केवळ संगणकापुरते नाही.

आमची शाळा डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका लहानशा गावात होती. शाळेत एकच संगणक होता आणि तोही आठ वर्षांचा जुना. हजेरी, गुणपत्रके, सरकारी माहिती अशी नित्याची कामे त्यावर होत असतच. पण त्याच्या पोटात याहून कितीतरी मोलाची ठेव होती. सलग चार वर्षे सातवीची मुले दिवाळीच्या सुट्टीत आपापल्या आजीपाशी बसून जात्यावरच्या ओव्या ऐकत, घरातील मोबाइलवर त्या ध्वनिमुद्रित करीत आणि सुट्टीनंतर शाळेच्या संगणकात साठवीत. ओव्या गाणाऱ्या त्या आज्यांपैकी काही जणी आता हयात नव्हत्या. घरोघरचे मोबाइल बदलले होते, त्यांतील मुद्रणे पुसली गेली होती. त्या आज्यांचे आवाज आता शाळेच्या संगणकातील एका डिस्कवरच काय ते उरले होते. दुसरी प्रत कोठेही नव्हती. ही आमची पहिली चूक होती. परंतु त्या वेळी ती कोणाच्याच ध्यानात आली नाही.

डिस्क म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. संगणक बंद केल्यावरही माहिती जिच्यावर टिकून राहते, ती डिस्क. जुन्या तऱ्हेच्या डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या वेगाने फिरत असतात. अशी पहिली डिस्क आयबीएम या अमेरिकेतील कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढा पसारा मांडूनही तिच्यावर सुमारे ५० लाख अक्षरेच मावत. नव्या तऱ्हेच्या डिस्कला एसएसडी म्हणतात. तिच्यात फिरणारा असा एकही भाग नसतो. म्हणून ती आवाज करीत नाही, आणि माहिती शोधून देण्याच्या कामी फार चपळ असते.

२०१८ च्या पावसाळ्यात आमच्या संगणकाची जुनी डिस्क काठोकाठ भरत आली. शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने ही अडचण ऐकली आणि पुण्याहून एक नवी एसएसडी पाठवून दिली. जुनी डिस्क जागच्या जागी ठेवून तिच्या शेजारी ही नवी डिस्क बसवावयाची, असे आम्ही ठरविले. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर विज्ञानाचे शिक्षक व मी कामाला लागलो. संगणकाचा डबा उघडला, नवी डिस्क स्क्रूने घट्ट बसविली, तिला एक केबल विजेची व एक केबल माहितीची अशा दोन केबली जोडल्या आणि मोठ्या उत्साहाने बटण दाबले.

पडद्यावर प्रथम मदरबोर्ड तयार करणाऱ्या कंपनीचे चिन्ह आले. पाठोपाठ विंडोजचे चौरंगी चिन्ह उमटू लागले. आमचे चेहरे खुलले. तोच पडदा क्षणभर निळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांच्या काही ओळी झळकल्या, आणि त्या वाचावयाच्या आतच संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पुन्हा ते चिन्ह, पुन्हा तो निळा पडदा! घाण्याला जुंपलेल्या बैलाप्रमाणे तो गोल गोल फिरत राहिला. पुढे मात्र जाईना. आम्ही दहाबारा वेळा बटण दाबून पाहिले. शेवटी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणाऱ्या एका दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “गुरुजी, जुने सगळे पुसून विंडोज नव्याने भरावी लागेल. दोन तासांचे काम आहे.”

त्याचा उपाय वावगा होता असे नाही. ज्याच्या डिस्कवर जपण्यासारखे काही नाही, त्याचे काम त्याने झाले असते. परंतु ‘जुने सगळे’ हे दोन शब्द ऐकताच माझ्या छातीत धस्स झाले.

सोमवारी मी सातवीच्या वर्गात ही गोष्ट सांगितली. कारण ती ठेव त्या मुलांची होती. वर्गात एकदम शांतता पसरली. खिडकीजवळच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. तिची आजी मागील मार्गशीर्षात वारली होती.

“गुरुजी, माझ्या आजीच्या ओव्या गेल्या का?” तिने विचारले.

“अजून काही गेलेले नाही. पण त्या परत ऐकावयास मिळतील की नाही, हे मला आज सांगता येत नाही,” मी म्हणालो.

मधल्या सुट्टीनंतर विज्ञानाच्या शिक्षकांनी पाच मुलामुलींना संगणकाच्या खोलीत बोलाविले. त्यांत ती मुलगीही होती. शिक्षकांनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या:

१. आधी पाहा, मग लिहा.
२. एका वेळी एकच बदल करा.
३. पुसून टाकणे हा सर्वांत शेवटचा उपाय.

मग ते मुलांना म्हणाले, “समजा, मुक्कामाची एस. टी. गावात आली नाही. तर आपण प्रथम काय विचारतो? ती कोठवर आली होती, हे विचारतो. तालुक्याहून सुटलीच नाही, की घाटात अडकली, की ओढ्याला पूर आला म्हणून पलीकडे थांबली? जिथे ती शेवटची दिसली, त्याच्या पुढेच शोध घ्यावयाचा. संगणकाचेही तसेच आहे.”

संगणक सुरू होतो म्हणजे तो काही ठरावीक टप्पे क्रमाने ओलांडतो. बटण दाबल्यावर मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमधील प्रणाली जागी होते. तिला बायॉस म्हणतात. ती प्रथम मेमरी व इतर भाग ठीक आहेत की नाहीत हे तपासते. नंतर कोणत्या डिस्कवर विंडोजसारखी कार्यप्रणाली आहे, हे ती ठरलेल्या क्रमाने शोधते. ती सापडली की कारभार तिच्या हाती सोपवून स्वतः बाजूला होते. म्हणून पडद्यावर काहीच दिसत नसेल, तर विजेची जोडणी निघाली आहे किंवा काम करताना मेमरीची पट्टी हलली आहे, असा संशय घ्यावा. काळ्या पडद्यावर ‘कार्यप्रणाली सापडत नाही’ अशा अर्थाची ओळ आली, तर डिस्कची केबल सैल आहे किंवा बायॉस नव्या, कोऱ्या डिस्कवरच विंडोज शोधीत बसली आहे, असे समजावे. आमच्या संगणकावर तर विंडोजचे चिन्ह उमटत होते. म्हणजे गाडी तालुक्याहून सुटली होती, घाटही चढली होती. ओढ्यापाशी मात्र अडली होती.

आता त्या निळ्या पडद्यावरील ओळी वाचणे आवश्यक होते. संगणक सुरू होताना एफ-८ ही कळ दाबत राहिले की त्या विंडोजमध्ये एक यादी येत असे. ‘बिघाड झाल्यास आपोआप पुन्हा सुरू होऊ नये’ अशा अर्थाचा एक पर्याय तीत होता. तो निवडताच निळा पडदा स्थिर राहिला. मुलीने वहीत तारीख घातली आणि पडद्यावरचा लांबलचक संकेतांक एकेक अंक तपासून उतरवून घेतला. त्याच्या शेवटी ‘७बी’ असे होते. शिक्षकांनी त्याचा अर्थ शोधला: ज्या डिस्कवरून सुरू व्हावयाचे, त्या डिस्कपर्यंत विंडोजला पोहोचता येत नाही.

“मग सोपे आहे!” एक मुलगा म्हणाला, “नवी डिस्क काढून टाकू. ती आली आणि भांडण सुरू झाले.”

सर्वांना ते पटले. संगणक बंद केला, भिंतीवरील प्लग काढला. अंगावर साठलेल्या स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू नयेत म्हणून शिक्षकांनी आधी डब्याच्या धातूच्या सांगाड्याला हात लावला आणि मगच नव्या डिस्कच्या दोन्ही केबली सोडविल्या. जुन्या डिस्कला त्यांनी स्पर्शही केला नाही. बटण दाबले. चिन्ह आले. आम्ही श्वास रोखून पाहत राहिलो.

पुन्हा निळा पडदा! पुन्हा तोच संकेतांक!

“म्हणजे जुनी डिस्कच मेली,” तो मुलगा हळूच म्हणाला. कोणीच काही बोलले नाही. मला त्या दुकानदाराचे शब्द आठवले.

वही घेऊन बसलेली मुलगी मात्र लिहिलेल्या ओळी पुनःपुन्हा वाचीत होती. थोड्या वेळाने तिने मान वर केली. “गुरुजी, शुक्रवारी संगणक चालू होता. शनिवारी बिघडला. शनिवारी नवी डिस्क बसविली, एवढेच झाले का? त्या दिवशी आणखी काय काय बदलले?”

“काही नाही,” मी म्हणालो.

शब्द तोंडातून बाहेर पडले, आणि त्याच क्षणी मला आठवले. शनिवारी डबा बंद केल्यावर शिक्षक हात धुण्यासाठी बाहेर गेले होते. नवी डिस्क अधिक वेगाने चालावी म्हणून बायॉसमधील एक निवड बदलावी, असे मी कोठेतरी वाचले होते. मी मराठीचा शिक्षक. यंत्रविद्या हा काही माझा विषय नव्हे. तरीही मोठ्या आत्मविश्वासाने मी संगणक सुरू केला, डिलीट ही कळ दाबून बायॉसच्या पानावर गेलो, ती एक निवड बदलली आणि संगणक बंद करून ठेवला. शिक्षक परत आल्यावर बोलता बोलता ते सांगावयाचे राहून गेले. लिहून ठेवण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मुलांनो, खरे सांगतो, क्षणभर माझ्या मनात आले की, आता गप्प बसावे. मुले घरी गेली की हळूच ती निवड पूर्ववत करावी. संगणक सुरू झाला तर झालाच. कोणाला काही कळणार नाही. पण माझ्यासमोर वही उघडून ती मुलगी माझ्या उत्तराची वाट पाहत होती. ‘काही नाही’ हे माझे शब्द तिने खरे म्हणून लिहून घेतले असते, आणि त्या खोट्या ओळीवर भरवसा ठेवून सर्वांनी जुन्या डिस्कलाच दोषी ठरविले असते.

मी म्हणालो, “मुली, मी आत्ता चुकीचे उत्तर दिले. आणखी एक गोष्ट बदलली होती, आणि ती मीच बदलली होती.” मग मी सारी हकीकत सांगितली.

मुले माझ्याकडे पाहत राहिली. मुलीने विचारले, “वहीत लिहू का, गुरुजी?”

“लिही. जसे घडले तसे लिही.”

विज्ञानाच्या शिक्षकांच्या डोळ्यांत एकदम चमक आली. मदरबोर्ड डिस्कशी ज्या रीतीने बोलतो, तीच मी बदलली होती. त्या मदरबोर्डवर अशा दोन रीती होत्या. एक जुनी, तिचे नाव आयडीई; दुसरी नवी, तिचे नाव एएचसीआय. आठ वर्षांपूर्वी विंडोज भरली तेव्हा जुनी रीत चालू होती. म्हणून सुरू होताना विंडोज आपल्याबरोबर जुनी रीत जाणणारा दुभाषी तेवढा घेऊन येत असे. मी मध्येच भाषा बदलली. बायॉसला दोन्ही भाषा येत असल्यामुळे तिचा टप्पा सुरळीत पार पडे आणि विंडोजचे चिन्ह उमटे. पण कारभार विंडोजच्या हाती येताच तिच्या दुभाष्याला डिस्कचे बोलणे कळेनासे होई, आणि ती निळा पडदा दाखवून थांबे. डिस्क धडधाकट होती; बिघडला होता तो केवळ संवाद. नवी डिस्क काढल्याने दोष का गेला नाही, हेही आता उलगडले. दोष नव्या डिस्कच्या बरोबर आला होता. पण तिच्यामुळे आला नव्हता.

शिक्षकांनी मलाच खुर्चीवर बसविले. मी बायॉसच्या पानावर गेलो, ती एकच निवड पूर्ववत केली, दुसऱ्या कशालाही हात लावला नाही, आणि संगणक पुन्हा सुरू केला. विंडोजचे चिन्ह आले, थांबले, आणि मग पडद्यावर शाळेच्या अंगणातील वडाचे ते ओळखीचे चित्र उमटले. मुलांनी टाळ्या वाजविल्या.

टाळ्या थांबल्यावर शिक्षक म्हणाले, “आता दुसरे काहीही करण्याआधी प्रत काढू या.” त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि ओव्यांची सर्व मुद्रणे त्यावर उतरवून घेतली. ती नीट उतरली आहेत की नाहीत, हे ऐकून पाहणे आवश्यक होते. कोणाची ओवी लावावयाची, हे कोणी सांगितले नाही. पण त्या मुलाने न विचारता मुलीच्या आजीचेच मुद्रण लावले. जात्याची घरघर आणि तिच्या मागून येणारा एक थकलेला, गोड आवाज खोलीत भरून राहिला. मुलगी ओवी संपेपर्यंत मान खाली घालून ऐकत होती. ओवी संपल्यावर तिने वहीत लिहिले: ‘प्रत तपासली. ठीक आहे.’

दुसऱ्या दिवशी आम्ही नवी डिस्क पुन्हा जोडली. या वेळी तेवढाच एक बदल केला. संगणक निमूटपणे सुरू झाला. कोरी डिस्क वापरण्यापूर्वी ती संगणकात मांडून घ्यावी लागते. त्या वेळी चुकून भलतीच डिस्क निवडली तर तिच्यावरील माहिती नाहीशी होण्याचा धोका असतो. म्हणून मुलांनी दोन्ही डिस्कचे आकारमान वहीत पाहून पडद्यावरील आकड्यांशी दोनदा ताडून घेतले आणि मगच पुढचे पाऊल टाकले. ओव्यांची एक प्रत नव्या डिस्कवर गेली, एक जुन्या डिस्कवर राहिली, आणि पेन ड्राइव्ह मुलांनी ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवावयास दिला. मौल्यवान माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी, असा जाणकारांचा नियमच आहे. जी निवड मी बदलली होती, ती मात्र आम्ही जुनीच राहू दिली. त्यामुळे वेग थोडा कमी मिळाला. पण त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

वहीत नोंद करण्याचा हा रिवाज फार जुना आहे. १९४७ च्या ९ सप्टेंबर रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा ‘मार्क दोन’ हा अवाढव्य गणकयंत्र-संच मध्येच चुकू लागला. तो चालविणाऱ्यांनी एकेक भाग तपासला, तेव्हा एका विद्युत्-चाळकात एक पतंग अडकलेला सापडला. त्यांनी तो काढून फेकून दिला नाही. यंत्राच्या रोजनाम्यात तो चिकटपट्टीने चिकटविला आणि शेजारी वेळ व नोंद लिहिली. त्या रोजनाम्याचे ते पान वॉशिंग्टन येथील अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केले आहे. यंत्रातील दोषाला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्यापूर्वीचीच. पण खराखुरा किडा सापडल्याची ती नोंद जगभर प्रसिद्ध झाली. इतक्या वर्षांनंतरही तो दिवस, ती वेळ व तो दोष आपल्याला निश्चितपणे सांगता येतो, तो त्या एका नोंदीमुळे.

पुढच्या वर्षी मी सेवानिवृत्त झालो. आमच्या संगणकावरील ती ‘विंडोज सात’ कार्यप्रणालीही २०२० च्या जानेवारीत तिच्या कंपनीने निवृत्त केली. निरोपाच्या दिवशी मुलांनी मला ती वही दाखविली. आरंभीच्या पानांवर माझी चूक स्वच्छ अक्षरांत लिहिलेली होती: ‘गुरुजींनी शनिवारी बायॉसमधील एक निवड बदलली. नोंद केली नव्हती.’ त्याखाली पुढील वर्षभरातील नोंदी होत्या: कोणी कोणती केबल हलविली, कोणी कोणता प्रोग्रॅम भरला, कोणी कोणता काढला. प्रत्येकाने आपल्या नावासह लिहिले होते. कोणी काही लपविले नव्हते. मला वाटते, पहिली ओळ माझी होती म्हणूनच इतरांना आपापली ओळ लिहिणे सोपे गेले.

यंत्र बिघडते तेव्हा ते आपल्यावर रागावलेले नसते, आणि आपले नशीबही फिरलेले नसते. काल चालत होते आणि आज चालत नाही, याचा अर्थ मधल्या वेळात काहीतरी बदलले आहे. ते कोणते, हे शांतपणे शोधावे. एकेक बदल करून पाहावा. जपण्यासारखे जे असेल त्याची प्रत आधी काढावी. आणि तो बदल आपल्याच हातून झालेला असेल, तर तसे उघडपणे सांगावे. चूक कबूल करण्याने माणूस लहान होत नाही. पण ती लपविल्याने दुसऱ्याचा शोध मात्र भलत्या वाटेला लागतो.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे एकेका वाक्यात लिहा:
(अ) शाळेच्या संगणकातील ठेव कोणती होती?
(आ) निळ्या पडद्यावरील संकेतांकाचा अर्थ काय होता?
(इ) पेन ड्राइव्ह कोठे ठेवण्यात आला?

२. कारणे लिहा:
(अ) नवी डिस्क काढल्यावरही संगणक सुरू झाला नाही.
(आ) विंडोजचे चिन्ह उमटत असे, पण संगणक पुढे जात नसे.
(इ) नव्या डिस्कच्या केबली सोडविण्यापूर्वी शिक्षकांनी धातूच्या सांगाड्याला हात लावला.

३. ‘दोष नव्या डिस्कच्या बरोबर आला होता, पण तिच्यामुळे आला नव्हता.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा. असा अनुभव तुम्हांला कधी आला असल्यास तो लिहा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: छातीत धस्स होणे, चेहरा खुलणे, श्वास रोखून पाहणे.

५. तुमच्या घरातील किंवा शाळेतील एखाद्या वस्तूसाठी नोंदवही तयार करा. महिनाभर तिच्यात झालेला प्रत्येक बदल तारखेसह लिहा.